रात्रीच्या मालगाडीचे छायाचित्र

एक छायाचित्र आम्ही गेली काही वर्षे शिक्षकांच्या शिबिरांत आवर्जून दाखवत आलो आहोत. उघड्यावरचे चित्रपटगृह आहे. मोटारी ओळीने उभ्या आहेत आणि लोक मोटारीत बसूनच सिनेमा पाहत आहेत. अगदी पुढच्या, टप नसलेल्या मोटारीत एक तरुण जोडपे बसले आहे. पडद्यावर जेट विमान दिसते. आणि या सगळ्यामागून पांढऱ्याशुभ्र वाफेचा लोट सोडत एक मालगाडी भरधाव निघाली आहे. वेळ रात्रीची आहे, तरी इंजिनाचा प्रत्येक दांडा, मोटारींची चकाकती टपे आणि माणसांचे केस असे सारे काही लख्ख दिसते.

छायाचित्र दाखवून आम्ही एवढेच विचारतो, ''यात अशक्य असे काय आहे?''

बहुतेक जण गाडीकडे बोट दाखवतात. अंधारात धावणाऱ्या गाडीचा इतका स्पष्ट फोटो येणे शक्य नाही, असे त्यांना वाटते. पण ते शक्य होते, आणि कसे शक्य होते तीच या लेखाची निम्मी गोष्ट आहे. खरोखर अशक्य असलेली गोष्ट वेगळीच आहे. तिच्याकडे आपण शेवटी येऊ.

हे छायाचित्र २ ऑगस्ट १९५६ रोजी अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, येगर या छोट्या गावी घेतले गेले. त्याचे नाव 'हॉटशॉट ईस्टबाउंड', म्हणजे पूर्वेकडे निघालेली जलद मालगाडी. छायाचित्रकार होते ओ. विन्स्टन लिंक.

छंद नव्हे, मोहीम

लिंक यांचा जन्म १९१४ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. शिक्षणाने ते स्थापत्य अभियंता होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते एका संशोधन प्रयोगशाळेत काम करत. पाण्याखालच्या पाणबुडीचा विमानातून चुंबकीय पद्धतीने शोध घेण्याचे उपकरण तेथे तयार होत होते. युद्ध संपल्यावर त्यांनी न्यूयॉर्कमध्ये जाहिरातींच्या छायाचित्रणाचा व्यवसाय सुरू केला. कारखान्याचा मोठा अंधारा अंतर्भाग अनेक दिव्यांनी एकाच क्षणी कसा उजळायचा, हे कसब त्यांनी या धंद्यात कमावले.

जानेवारी १९५५ मध्ये एका कामासाठी ते व्हर्जिनियात गेले होते. जवळच्या वेन्सबोरो स्थानकातून नॉरफोक अँड वेस्टर्न या रेल्वेच्या गाड्या जात. तेथे २१ जानेवारीच्या रात्री त्यांनी वाफेच्या गाडीचे पहिले रात्र-छायाचित्र घेतले. त्यानंतर त्यांनी रेल्वे कंपनीकडे परवानगी मागितली. कंपनीचे अध्यक्ष आर. एच. स्मिथ यांनी ती दिली. पुढची पाच वर्षे, स्वतःच्या खर्चाने, सवड काढून, लिंक या मार्गावर येत राहिले. या काळात त्यांनी सुमारे २४०० छायाचित्रे घेतली.

इतकी घाई कशासाठी? तर इंजिने संपत चालली होती. अमेरिकेतील बहुतेक मोठ्या रेल्वे तोवर डिझेलकडे वळल्या होत्या. नॉरफोक अँड वेस्टर्न मात्र वाफेला चिकटून होती, आणि त्याला कारण होते. कोळसा वाहणे हाच तिचा मुख्य धंदा होता, म्हणजे इंधन दारातच होते. शिवाय रोआनोक येथील स्वतःच्या कारखान्यात ती स्वतःची इंजिने बांधत असे. त्यांतील तीन जाती प्रसिद्ध आहेत. 'जे' वर्ग प्रवासी गाड्यांसाठी, 'ए' वर्ग जलद मालगाड्यांसाठी, आणि 'वाय ६' वर्ग घाटातून कोळशाच्या वाघिणी ओढण्यासाठी. 'वाय ६' मध्ये वाफ दोनदा कामाला लावत. आधी उच्च दाबाच्या सिलिंडरात आणि तेथून बाहेर पडलेली वाफ पुन्हा मोठ्या, कमी दाबाच्या सिलिंडरात. येगरच्या छायाचित्रातील इंजिन 'ए' वर्गातील, क्रमांक १२४२ आहे.

इतकी सुधारणा करूनही गणित जमेना. वाफेचे इंजिन कोळशातील ऊर्जेपैकी साधारण ६ ते ८ टक्केच ऊर्जा ओढकामाला लावू शकते. डिझेल-विद्युत इंजिनात हे प्रमाण २५ टक्क्यांच्या पुढे जाते. त्यात वाफेच्या इंजिनाला वाटेत पाणी लागते, राख काढावी लागते, बाष्पपात्र धुवावे लागते आणि या प्रत्येक कामाला माणसे लागतात. इतर रेल्वेंनी वाफ सोडल्यावर सुटे भाग बनवणारे कारखानेही बंद पडू लागले. १९५५ साली या रेल्वेनेही पहिली डिझेल इंजिने घेतली आणि १९६० साली तिची वाफेची नियमित वाहतूक थांबली. म्हणजे लिंक यांनी पहिली रात्र घालवली त्याच वर्षी घड्याळ सुरू झाले होते.

सूर्य हलवता येत नाही

मग त्यांनी रात्रच का निवडली? लिंक यांचे म्हणणे साधे होते. सूर्य आपल्याला हवा तेथे नसतो, आणि रूळही आपल्याला हलवता येत नाहीत. दिवा मात्र हवा तेथे ठेवता येतो. आम्हा प्रयोगशाळेत वावरणाऱ्यांना हा विचार ओळखीचा वाटतो. जे बदलते आणि ज्यावर आपला ताबा नाही ते आधी दूर करायचे. रात्रीने सूर्य दूर केला. उरला तो फक्त लिंक यांनी ठेवलेला प्रकाश.

यात आणखी एक फायदा होता. इंजिन काळे, म्हणजे प्रकाश शोषून घेणारे. ते दिवसा करड्या आभाळापुढे विरून जाते. इंजिनातून बाहेर पडणारी खरी वाफ तर अदृश्यच असते. आपण जिला वाफ म्हणतो ते थंड हवेत संघनन होऊन बनलेले पाण्याचे सूक्ष्म थेंब असतात, आणि ते प्रकाश सर्व बाजूंना विखुरतात. काळ्या आभाळासमोर हा लोट बाजूने किंवा मागून उजळला की तो पांढऱ्या ढगासारखा उठून दिसतो.

आता अडचणींकडे वळू. पहिली अडचण वेगाची. गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला २० मीटर जात आहे असे धरा. शटर १/१०० सेकंद उघडे राहिले तर तेवढ्यात गाडी २० सेंटिमीटर सरकते. गाडी ६० मीटर दूर आणि भिंगाचे नाभीय अंतर १५ सेंटिमीटर असेल तर फिल्मवरील प्रतिमा ४०० पट लहान पडते. म्हणून फिल्मवर ती अर्धा मिलिमीटर सरकेल. मोठे छायाचित्र काढले की ही धूसरता डोळ्यांत भरते. गाडी आडवी न जाता कॅमेऱ्याकडे तिरकी येत असेल तर ती कमी होते. हे गणित नववीच्या मुलांना सहज करता येते, आणि करून घ्यावे असेच आहे.

दुसरी अडचण प्रकाशाची. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौपट कमी होतो, हा व्यस्त वर्गाचा नियम. कॅमेऱ्याजवळ एकच प्रखर दिवा ठेवला तर जवळची मोटार पांढरीफटक होईल आणि १० पट दूर असलेल्या इंजिनावर शंभरावा हिस्सा प्रकाश पोचेल. उपाय एकच, दिवे दृश्यभर वाटायचे. येगरच्या छायाचित्रात लिंक यांनी चाळीसहून अधिक फ्लॅश बल्ब एकाच क्षणी पेटवले.

आजच्या मुलांनी फ्लॅश बल्ब पाहिलेला नसतो. १८८७ पासून छायाचित्रकार मॅग्नेशियमची भुकटी ऑक्सिजन देणाऱ्या क्षारात मिसळून पेटवत. झगमगाट होई, पण धूर होई आणि भाजण्याची भीती असे. १९३० च्या सुमारास हेच ज्वलन काचेच्या बंद फुग्यात आणले गेले. आत ऑक्सिजन आणि धातूची बारीक तार किंवा पातळ चुरगळलेला पत्रा असे. विजेने ठिणगी पडली की धातू क्षणात जळून जाई. बल्ब एकदाच वापरायचा आणि फेकून द्यायचा. विजेवर चालणारा पुन्हा पुन्हा वापरता येणारा फ्लॅश तेव्हा उपलब्ध होता, पण वजनाच्या मानाने बल्बचा प्रकाश कितीतरी अधिक होता.

एकसर की समांतर?

येथे आमच्या शिक्षकमित्रांच्या कामाचा खरा मुद्दा येतो. चाळीस बल्ब, शेकडो मीटर तार, आणि गाडी एकदाच जाणार. जोडणी कशी करायची?

घरातील दिव्यांची सवय असल्यामुळे विद्यार्थी ''समांतर'' असे उत्तर देतात. एक गेला तरी बाकीचे पेटतील, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. पण समांतर जोडणीत एकूण प्रवाह चाळीस पट लागतो. लांब तारेच्या रोधामुळे दूरच्या बल्बला दाब कमी मिळतो आणि तो उशिरा पेटतो किंवा पेटतच नाही. मग इंजिन उजळते, पण पूल अंधारात राहतो.

लिंक यांनी एकसर जोडणी वापरली. एकसर परिपथात सर्व बल्बमधून एकच प्रवाह जातो, त्यामुळे जवळचा आणि दूरचा हा भेद उरत नाही. पण एखादा बल्ब आधी जळून परिपथ तुटला तर? त्यासाठी सर्व बल्बना पुरेल अशी ऊर्जा एका झटक्यात मिळायला हवी. म्हणून त्यांनी बॅटरी आणि धारित्र असलेला स्वतःचा वीजपुरवठा तयार केला. धारित्र सावकाश भरायचे आणि निमिषात रिकामे करायचे. बल्ब पूर्ण तेजाने जळायला सेकंदाचा सुमारे पन्नासावा भाग घेतो. तेवढा काळ थांबून मगच शटर उघडावे लागते. लिंक यांचा वीजपुरवठा हे सारे एका कळीवर करत असे, आणि वेळप्रसंगी एकाहून अधिक कॅमेरेही तीच कळ चालवी.

एकसर जोडणीचा एक गुण असा की ती एक तर पूर्ण चालते, नाहीतर मुळीच चालत नाही. अर्धवट उजळलेले फसवे चित्र ती देत नाही. एकही सांधा सैल राहिला की काळोखच. त्यामुळे गाडी येण्यापूर्वी प्रत्येक बल्ब आणि प्रत्येक सांधा तपासावा लागे. जॉर्ज थॉम हे त्यांचे सहायक या कामात त्यांच्यासोबत असत. तासन्‌तास तयारी करायची, आणि सगळे काही एका क्षणावर अवलंबून. दुर्मिळ खगोलीय घटनेची वाट पाहणाऱ्या निरीक्षकांचीही हीच स्थिती असते.

मग अशक्य काय होते?

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. छायाचित्रातील अशक्य गोष्ट गाडी नसून पडद्यावरचे विमान आहे. चालू सिनेमात सभागृहातील दिवे लावले तर पडद्यावरचे चित्र पुसट होते. येथे तर चाळीस बल्ब एकदम पेटले होते. पांढरा पडदा त्या प्रकाशाने धुऊन निघाला आणि फिल्मवर कोराच उमटला. लिंक यांनी पडद्याचे वेगळे छायाचित्र घेतले आणि अंधारखोलीत ते मूळ चित्रात बसवले. पुढच्या मोटारीतले जोडपेही त्यांनीच तेथे बसवले होते. मोटारसुद्धा त्यांची स्वतःची होती.

हे सांगितल्यावर शिबिरात हमखास वाद होतो. काही शिक्षक म्हणतात, ''मग हे खोटेच झाले.'' काहींना त्यात काही वावगे वाटत नाही.

आमच्या व्यवसायात हा प्रश्न हलका नाही. दोन वेगळ्या वेळच्या प्रतिमा जोडून त्या एकच म्हणून शोधनिबंधात छापल्या, तर तो निबंध मागे घ्यावा लागतो. तोच दंडक येथे लावावा का? आमचे मत असे की प्रश्न जरा वेगळा विचारावा. हे चित्र कशाचा पुरावा आहे? '२ ऑगस्टच्या रात्री अमुक क्षणी पडद्यावर विमान होते' याचा पुरावा म्हणून ते चालणार नाही. पण 'ए' वर्गाच्या इंजिनाची रचना, त्याचा धूर, रुळांना लागून असलेले चित्रपटगृह, १९५६ सालच्या मोटारी, आणि लोकांच्या करमणुकीशेजारून रोज जाणारी मालगाडी यांचा तो विश्वसनीय पुरावा आहे. चित्र कसे बनले हे माहीत असले की त्यातून काय घ्यायचे आणि काय सोडायचे ते ठरवता येते. दोष जोडण्यात नसून जोड लपवण्यात असतो. या चित्रातील जोड आज सर्वज्ञात आहे.

लिंक यांनी गाड्यांचे आवाजही ध्वनिमुद्रित केले. त्यांच्या तबकड्या १९५७ पासून निघू लागल्या. छायाचित्रांची मात्र फार काळ कोणी दखल घेतली नाही. त्यांचे मोठे पुस्तक निघाले ते १९८७ साली. २००१ मध्ये लिंक यांचे निधन झाले आणि २००४ मध्ये रोआनोकच्या जुन्या रेल्वे स्थानकात त्यांच्या छायाचित्रांचे संग्रहालय उघडले. १९५० साली बांधलेले 'जे' वर्गातील ६११ क्रमांकाचे इंजिन त्याच शहराच्या वाहतूक संग्रहालयाच्या मालकीचे आहे. दुरुस्तीनंतर २०१५ पासून ते पुन्हा धावू लागले. लिंक यांच्या काळी रोजच्या कामात असलेल्या इंजिनाचे छायाचित्र घ्यायला आता लोक तिकीट काढून जातात.

त्याच १९५० साली आपल्याकडे चित्तरंजनच्या कारखान्यातून पहिले इंजिन बाहेर पडले. तेही वाफेचे आणि मालगाडीचेच होते. 'डब्ल्यूजी' वर्गातील त्या इंजिनाचे नाव 'देशबंधू'. या वर्गातील शेवटचे इंजिन १९७० साली तयार झाले, त्याला 'अंतिम सितारा' असे नाव दिले गेले. १९९५ मध्ये आपल्या ब्रॉडगेज मार्गांवरील वाफेची नियमित वाहतूक संपली. दार्जिलिंगच्या छोट्या गाडीला १९९९ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला आणि तिची छायाचित्रे हजारांनी निघतात. पण वर्षानुवर्षे कोळसा, धान्य आणि सिमेंट ओढणाऱ्या 'डब्ल्यूजी'कडे, तिच्या आगवाल्याकडे आणि शेडमधल्या फिटरकडे कॅमेरा क्वचितच वळला. रोजच्या गोष्टीची नोंद ठेवावी असे कोणाला वाटत नाही, आणि वाटते तेव्हा ती गोष्ट रोजची राहिलेली नसते.

म्हणून एक उपक्रम सुचवतो. ज्यांच्या गावावरून रेल्वे जाते त्या शाळांनी विद्यार्थ्यांना निवृत्त रेल्वे कामगारांकडे पाठवावे. घरात जुने छायाचित्र निघाले तर त्याची प्रत घ्यावी, आणि मागे लिहावे: ठिकाण कोणते, साल कोणते, इंजिनाचा क्रमांक काय, कोण उभे आहे, छायाचित्र कोणी काढले, आणि ते ठरवून उभे राहून काढलेले आहे का. हा शेवटचा प्रश्न विसरू नये.