मनगटावरची दोरी

डायव्हिंगचं घड्याळ बाळगणाऱ्या लोकांची एक वेगळीच जमात आहे. त्यातले बहुतेक जण पोहण्याच्या तलावापलीकडे कधी गेलेले नसतात. २०० मीटर खोल पाण्यात टिकेल असं घड्याळ घालून ते बँकेत जातात, वलीम्याला जातात, आणि सुट्टीच्या सकाळी तेच घड्याळ खिडकीत ठेवून त्याचे फोटो काढत बसतात. मीही त्यातलाच. माझ्याकडे सिकोचं एसकेएक्स ००७ आहे, १९९६ साली बाजारात आलेलं मॉडेल. एकाच घड्याळाचे किती फोटो काढणार, हा घरच्यांचा प्रश्न रास्त आहे. पण या घड्याळाचा एकही भाग निव्वळ शोभेसाठी जन्मलेला नाही. प्रत्येकामागे कुणाची तरी भीती आहे, आणि भिंगातून बघताना ती दिसू लागते.

पाण्याखाली वेळ मोजण्याची गरज घड्याळापेक्षा जुनी. आखातात तेल सापडण्याआधी तिथल्या किनाऱ्यावरच्या गावांची चूल मोत्यांवर पेटायची, आणि त्या मोत्यांची मोठी बाजारपेठ होती आपली मुंबई. मोती काढणारा पाणबुड्या नाकाला चिमटा लावायचा आणि पायाशी दगडाचं वजन घेऊन तळाशी जायचा. होडीवर त्याची दोरी धरून एक माणूस बसलेला असे, त्याला अरबीत ‘सैब’ म्हणत. खालून हिसका बसला की सैबने ओढायचं. खाली जाणाऱ्याचं घड्याळ म्हणजे त्याच्या छातीतला दम आणि वरच्या माणसाचं लक्ष. मुंबईच्या बाजारात मोत्याचं वजन गुंजेत झालं, या दोघांच्या भरवशाचा हिशेब कुणी ठेवला नाही.

ही दोरी १९४३ साली सुटली. फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्याँ यांनी ॲक्वालंग तयार केलं आणि माणूस पाठीवर हवा घेऊन माशासारखा मोकळा फिरू लागला. पण हवा मोजकीच. शिवाय खोलात दाबामुळे नायट्रोजन शरीरात विरघळतो. माणूस घाईने वर आला तर त्याचे बुडबुडे होतात, सोड्याची बाटली उघडल्यावर होतात तसे. त्यातून सांधेदुखीपासून लकव्यापर्यंत आणि मृत्यूपर्यंत काहीही होऊ शकतं. किती खोलीवर किती मिनिटं राहिलं तर वर येताना कुठे किती थांबायचं, याचे तक्ते ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १९०८ मध्येच दिले होते. म्हणजे पाणबुड्याला दोन आकडे हवेत, खोली आणि वेळ. वेळ सांगणारा सैब आता मनगटावर बांधावा लागणार होता.

पाणी आत न शिरणारं घड्याळ तोवर होतंच. रोलेक्सने १९२६ मध्ये ‘ऑयस्टर’ आणलं. पुढच्याच वर्षी इंग्लिश खाडी पोहणाऱ्या मर्सिडीज ग्लाइट्झ यांच्या गळ्यात ते अडकवलं आणि वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर जाहिरात केली. गंमत अशी की ज्या पोहण्यात घड्याळ सोबत होतं ते थंडीमुळे अर्धवट सुटलं. खाडी त्यांनी आधीच, घड्याळाशिवाय पार केली होती. जाहिरातीला एवढं चालतं. दुकानाच्या काचेत माशांच्या टाकीत घड्याळ बुडवून ठेवायची युक्तीही रोलेक्सचीच. घड्याळाला पाण्याचे थेंब लावून आज आम्ही जे फोटो काढतो, त्यांचं मूळ बहुधा त्या टाकीत असावं.

पण पाणी न शिरणं आणि पाण्यात उपयोगी पडणं यांत फरक आहे. तो फरक ज्याला जिवावर बेतून कळला तो ब्लाँपँ या स्विस कंपनीचा प्रमुख झाँ-झाक फिश्टर. स्वतः डायव्हिंग करणारा हा माणूस दक्षिण फ्रान्सच्या समुद्रात वेळेचं भान हरपून बसला, हवा संपली, आणि कसाबसा वर आला. त्यातून त्याने घड्याळाभोवती फिरणारं कडं बसवायचं ठरवलं. त्याच सुमारास फ्रेंच नौदलाच्या लढाऊ पाणबुड्यांचं पथक उभं करणारे बॉब मालूबिए आणि क्लोद रिफो असंच काही शोधत होते. एका फ्रेंच कंपनीने त्यांना परत पाठवलं होतं. १९५३ मध्ये ब्लाँपँने त्यांना ‘फिफ्टी फॅदम्स’ दिलं. पन्नास फॅदम म्हणजे सुमारे ९१ मीटर. रोलेक्सची ‘सबमरिनर’ही त्याच वर्षाची. पहिलं कोण, यावर शौकीन आजही भांडतात. मला त्या भांडणात रस नाही. दोन्हींच्या मागची गरज एकच होती.

कड्याचं काम अगदी साधं. पाण्यात उतरताना त्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. नंतर काटा कड्यावरच्या ज्या आकड्यावर असेल तितकी मिनिटं झाली. वजाबाकी नको, आठवण नको; थंडीने आणि दाबाने डोकं मंदावलेलं असताना हेच हवं असतं. पुढे कडं एकाच दिशेला, उलट्या बाजूला फिरणारं झालं. खडकाला घासून ते सरकलंच, तर झालेली वेळ खऱ्यापेक्षा जास्त दिसेल, पाणबुड्या लवकर वर येईल. चूक झाली तरी ती जिवाच्या बाजूने व्हावी, अशी सोय इतक्या लहानशा वस्तूत केलेली मी दुसरीकडे फारशी पाहिलेली नाही. माझ्या घड्याळाचं कडं एका फेऱ्यात १२० वेळा ‘टक’ करतं. चहाला आधण ठेवलं की मी ते फिरवतो.

अंधारात दिसणाऱ्या काट्यांची गोष्ट मात्र कडू आहे. जुन्या घड्याळांत चमकायला रेडियम वापरत. अमेरिकेत न्यू जर्सीच्या कारखान्यात तबकड्या रंगवणाऱ्या तरुण मुलींना ब्रशचं टोक ओठांनी टोकदार करायला शिकवलं होतं. त्यांच्या जबड्याची हाडं झिजली, कित्येक जणी मेल्या. पाच जणींनी कोर्टात लढा दिला आणि १९२८ मध्ये तडजोड झाली. फिफ्टी फॅदम्सच्या काही तबकड्यांवर पुढे रेडियम नसल्याची खूणच छापावी लागली. जुन्या घड्याळांवरचा तो मधासारखा पिवळट रंग फोटोत फार देखणा दिसतो आणि त्याला जादा पैसे मिळतात. पण रेडियमच्या तबकडीवर विझलेला असतो तो चमकणारा रंग; रेडियम निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात. असे फोटो पाहताना मला त्या मुलींचे ओठ आठवतात, आणि ‘काय सुंदर रंग चढलाय’ असं म्हणणं जमत नाही.

सिकोने १९६५ मध्ये आपलं पहिलं डायव्हिंगचं घड्याळ काढलं, १५० मीटरचं. तीन वर्षांनी हिरोशिमा प्रांतातल्या कुरे इथल्या एका पाणबुड्याने कंपनीला पत्र लिहिलं, की फार खोलात काम करताना तुमची घड्याळं टिकत नाहीत. कंपनीने ते पत्र मनावर घेतलं आणि १९७५ मध्ये ६०० मीटरचं घड्याळ तयार केलं. आपल्याकडे सिको आली ती मात्र दुसऱ्याच समुद्रावरून. आखातात नोकरी करून परतणाऱ्या कोकणातल्या माणसांच्या मनगटावर ती असायची, आणि त्यातल्या कित्येकांच्या वाराच्या खिडकीत इंग्रजीसोबत अरबीही असे. ज्या पाण्यात सैब दोरी धरून बसायचा, तिथूनच ती आली. शुक्रवारी तिथे अरबीत ‘अल-जुमुआ’ उमटलेलं पाहायला लहानपणी आम्ही पाहुण्याचा हात ओढायचो.

आता फोटोचं. दिवसा खिडकीला ट्रेसिंग पेपर लावावा, उजेड मऊ होतो. काचेत स्वतःचा चेहरा दिसू नये म्हणून समोर काळा पुठ्ठा धरावा. काटे दहा वाजून दहा मिनिटांवर, म्हणजे नाव झाकलं जात नाही. धूळ फुंकून काढू नये, तोंडाची वाफ बसते; हवेचा फुगा वापरावा. रात्रीचा फोटो मला सगळ्यांत प्रिय. १९९३ मध्ये जपानच्या नेमोतो कंपनीने किरणोत्सर्ग नसलेला चमकणारा रंग आणला, माझ्या घड्याळावरचा त्याच जातीचा आहे. टॉर्चने तो अर्धा मिनिट भारायचा, दिवे बंद करायचे, आणि तिपाईवर कॅमेरा आठ-दहा सेकंद उघडा ठेवायचा.

अशा फोटोत तास आणि मिनिटाचे काटे स्थिर, हिरवे येतात. सेकंदकाट्यावरचा ठिपका मात्र पुसट कमानीसारखा ओढला जातो, कारण या घड्याळाची चावी ओढली तरी सेकंदकाटा थांबत नाही. शौकिनांपैकी काही जण ती कमान संगणकावर पुसतात. पण डायव्हिंगच्या घड्याळांचा जो आंतरराष्ट्रीय दंडक आहे, आयएसओ ६४२५, त्यात घड्याळ चालू आहे हे अंधारात २५ सेंटिमीटरवरून दिसलं पाहिजे अशी अट आहे. तो चमकता ठिपका त्याच अटीसाठी आहे. खाली काळोखात पाणबुड्याला वेळेआधी हे कळायला हवं, की दोरी धरणारा जागा आहे. माझ्या फोटोंत ती कमान असते.