दगड कशासाठी? रीफ टँकमधल्या भिंतीची आणि कमानीची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजचा भाग लेखी स्वरूपात.

मोबाइलवर रीफ टँकचे व्हिडिओ बघत असाल, तर आजकालच्या टाकीचं चित्र तुमच्या डोळ्यांसमोर असेलच. पांढरी वाळू, निळसर उजेड, दगडांची दोन छोटी बेटं, त्यांच्यावर एखादी कमान आणि त्या कमानीखालून जाणारा मासा. आता १९९० च्या आसपासची टाकी बघा. मागच्या काचेला टेकून खालपासून वरपर्यंत दगडांची सलग भिंत! आणखी वीस वर्षं मागे गेलात, तर भिंतही नाही. वाळूवर ठेवलेले प्रवाळांचे पांढरेशुभ्र सांगाडे, बस.

छंद एकच, मग मांडणी इतकी का बदलत गेली? फॅशन हे अर्धंच उत्तर झालं. टाकीत दगड नेमका कशासाठी ठेवायचा, या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक पिढीने वेगळं दिलं. आणि त्या प्रत्येक उत्तराची किंमत कुठल्या तरी किनाऱ्याने मोजली. आजची गोष्ट त्याचीच.

सुरुवात करू इंग्लंडपासून. १८४५ मध्ये तिथे काचेवरचा कर रद्द झाला आणि काच स्वस्त झाली. दुसऱ्याच वर्षी अ‍ॅना थाइन नावाच्या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. पण पाण्यात हवा मिसळायची कशी? पंप तर नव्हतेच. त्यांची मोलकरीण रोज उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायची. ही सगळी मेहनत कशासाठी, तर प्राणवायूसाठी.

मग उत्तर सापडलं वनस्पतींमध्ये. शैवाल प्राणवायू देईल, प्राणी कार्बन डायऑक्साइड देतील, दोघांचं जमेल. हे लोकांपर्यंत पोचवलं फिलिप हेन्री गॉस या निसर्ग-अभ्यासकाने. १८५३ च्या मे महिन्यात लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं, त्यात गॉसचा मोठा हात होता. पुढच्याच वर्षी त्याचं ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आलं आणि हा शब्द घराघरांत पोचला.

आता यात दगड कुठे आला? समुद्री शैवालाला आपल्या झाडांसारखी मुळं नसतात. ते दगडाला घट्ट चिकटून असतं. उपटलं की संपलं. म्हणून गॉसने सांगितलं की हातोडी-छिन्नी घेऊन जा आणि शैवाल ज्या दगडावर आहे, त्या दगडाचा तुकडाच फोडून आणा. म्हणजे टाकीतला पहिला दगड शोभेसाठी आला नव्हता, तो शैवालाचं बूड म्हणून आला होता.

लोकांनी हे अगदी मनापासून ऐकलं. आता रेल्वे होती, पुस्तक होतं, हातात हातोडी होती. ओहोटीनंतर खडकांच्या खळग्यांत जी डबकी राहतात, ती इंग्लंडच्या किनाऱ्यावर समुद्रफुलांनी आणि शैवालाने गच्च भरलेली असायची. ती भराभर रिकामी होत गेली. गॉसचा मुलगा एडमंड लहानपणी वडिलांबरोबर त्याच डबक्यांत वाकून बघत मोठा झाला होता. १९०७ मध्ये ‘फादर अँड सन’ या आठवणींच्या पुस्तकात त्याने लिहिलं की आपण पाहिलेलं ते वैभव आता कुणालाच दिसणार नाही. आणि ज्या माणसाने लोकांना समुद्रावर प्रेम करायला शिकवलं, त्याच्याच पुस्तकांमुळे हे झालं, याची वडिलांनाही फार खंत होती.

हे लक्षात ठेवा. पुढे हीच गोष्ट पुन्हा येणार आहे.

आता थेट विसाव्या शतकात येऊ. विमानांमुळे उष्ण समुद्रांतले रंगीत मासे युरोप-अमेरिकेत पोचू लागले. टाकीच्या तळाशी वाळूखाली जाळीचा फिल्टर असायचा, आणि शोभेला प्रवाळांचे पांढरे सांगाडे. त्यांच्यावर हिरवं शेवाळ धरलं की लोक ते बाहेर काढायचे, ब्लीचमध्ये बुडवायचे, धुऊन परत ठेवायचे. इथे दगड म्हणजे निव्वळ शोपीस. जितका पांढरा, तितका चांगला!

याच्या अगदी उलट विचार एक माणूस जकार्तात करत होता. त्याचं नाव ली चिन एंग. १९६१ मध्ये ‘ट्रॉपिकल फिश हॉबीइस्ट’ या अमेरिकन मासिकात त्याचा लेख आला. त्याच्या टाकीत फिल्टरच नव्हता. समुद्राचं पाणी, समुद्रातून आणलेले जिवंत दगड आणि एका नळीतून सोडलेले हवेचे बुडबुडे. एवढ्यावर त्याच्याकडे प्रवाळ जगत होते.

‘जिवंत दगड’ म्हणजे काय, ते समजून घेऊ. लाइव्ह रॉक हा बहुतेक वेळा मेलेल्या प्रवाळांचा जुना, सच्छिद्र सांगाडा असतो. जिवंत असते ती त्यावरची आणि त्याच्या आतली वस्ती. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, तो विषारी. दगडाच्या पृष्ठभागावरचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. आत खोलवर, जिथे प्राणवायू जवळजवळ पोचत नाही, तिथले वेगळे जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. म्हणजे एकाच दगडात बाहेर एक कारखाना, आत दुसरा. शोपीस समजून ज्याला ब्लीच करत होते, तो खरा फिल्टर होता.

पण लीच्या दाराशी समुद्र होता. दूरच्या शहरात हाच दगड पोचेपर्यंत त्याच्यावरची अर्धी वस्ती मरायची आणि टाकीत सडायची. त्यामुळे ही पद्धत रुळायला वेळ लागला. ते काम केलं जर्मनीतल्या, विशेषतः बर्लिनच्या छंदिष्टांनी. त्यांनी भरपूर लाइव्ह रॉकला प्रखर दिवे आणि प्रोटीन स्किमरची जोड दिली. स्किमर म्हणजे पाण्यात बारीक फेस करून त्या फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र. हीच ‘बर्लिन पद्धत’, आणि ती १९८०-९० च्या दशकांत जगभर पसरली.

आता बघा, दगड जर फिल्टर असेल तर साहजिकच जास्त दगड म्हणजे जास्त फिल्टर! नियम ठरला: दर गॅलनला एक ते दोन पौंड. आपल्या हिशोबात लिटरमागे साधारण १२० ते २४० ग्रॅम, म्हणजे शंभर लिटरच्या टाकीत १२ ते २४ किलो दगड. एवढे दगड ठेवणार कुठे? एकावर एक, मागच्या काचेला टेकवून. ती प्रसिद्ध भिंत अशी उभी राहिली.

भिंतीने प्रवाळ जगवले, पण तिचा त्रास हळूहळू कळला. भिंतीमागे पाणी फिरत नाही, गाळ साचतो आणि तिथे हात पोचत नाही. लहान म्हणून लावलेले कोरल दोन-तीन वर्षांत वाढून एकमेकांना भिडतात आणि डंख मारतात. माशांना पोहायला पुढची पट्टीच उरते. आणि ढीग कधी कोसळला, तर काच जाण्याची भीती.

दरम्यान समुद्राकडून बिल आलंच. १९८९ मध्ये फ्लोरिडाने आपल्या हद्दीतून लाइव्ह रॉक काढायला बंदी घातली. तिथल्या केंद्र सरकारच्या हद्दीतला उपसाही १९९७ पर्यंत थांबवला गेला. मग तिथल्या लोकांनी वेगळा मार्ग काढला. जमिनीवरच्या खाणीतला चुनखडक समुद्रात ठरलेल्या जागी नेऊन टाकायचा, त्यावर जीव धरू द्यायचा आणि मग तोच परत काढायचा. दगडाची शेतीच म्हणा ना.

आपल्याकडे तर प्रश्नच मिटलेला आहे. भारतात २००१ मध्ये दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं गेलं, ज्यात वाघ आहे तीच अनुसूची. मालवणच्या किनाऱ्यावरून ‘एवढासा तुकडा’ उचलणं हा गुन्हा आहे. आणि गॉसचा किनारा आठवा. तिथेही प्रत्येकाने एवढासाच तुकडा नेला होता.

म्हणून आजची कमान. आता बहुतेक नवे लोक ड्राय रॉक घेतात: जमिनीवरच्या जुन्या प्रवाळखडकाचा किंवा माणसाने बनवलेला कोरडा, सच्छिद्र दगड. जिवाणू नंतर सोडायचे. चांगले पंप आणि स्किमर आल्यावर कळलं की ढिगाची गरज नाही. थोडा पण सच्छिद्र दगड, चहूबाजूंनी पाणी फिरणारा, पुरतो. आणि कोरडा दगड टेबलावर ठेवून निवांत जोडता येतो. जिवंत दगडाला तेवढी सवड कुठे होती?

पहिली टाकी लावणार असाल, तर या सगळ्या इतिहासातून घ्यायचं ते एवढंच. मुख्य दगड थेट तळाच्या काचेवर टेकवा, वाळू नंतर भरा. नाहीतर वाळू उकरणारे मासे आणि कोळंबी पाया पोखरतात. कमान नुसती तोलून ठेवू नका. भोक पाडून अ‍ॅक्रिलिकची कांडी घाला किंवा टाकीसाठी सुरक्षित असलेल्या एपॉक्सीने जोडा. पाणी भरण्याआधी हाताने हलवून बघा. काचेपासून चार बोटं जागा सोडा, म्हणजे काच पुसता येईल. वरचा भाग मोकळा ठेवा, कारण कोरल वाढणार आहेत. आणि पहिले काही आठवडे घाई करू नका. कोरडा दगड सुरुवातीला तपकिरी, घाणेरडा दिसतो. दिसू दे. त्याच्यावर वस्ती बसतेय.

शैवालाचं बूड, शोपीस, फिल्टर आणि आता कोरलची बैठक. दगडाने एवढी कामं केली. किनारा न फोडता हे सगळं करता येतं, हे कळायला मात्र आपल्याला दीडशे वर्षं लागली. गॉसला हा पर्याय मिळाला असता, तर त्याने हातोडी घरीच ठेवली असती असं मला वाटतं. तुमच्याकडे तो पर्याय आहे.

तुमच्या टाकीत भिंत आहे की कमान, ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!