विम्याचा बाजार का आटतो?

वाहनाची किंमत परवडेनाशी झाली की गिऱ्हाईक कमी होते, पण उरलेले गिऱ्हाईक कंपनीला महागात पडत नाही. आरोग्यविम्याचे तसे नाही. आपली प्रकृती कशी आहे हे विमा घेणाऱ्याला जितके ठाऊक असते, तितके विकणाऱ्याला नसते. अमेरिकेत पासष्टी ओलांडलेल्यांना पूर्वी कोणत्याही दराने खाजगी विमा मिळणे कठीण जाई. दर वाढवून प्रश्न का सुटत नाही, याचे उत्तर जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली दिले. त्यांचा तो लेख त्याआधी तीन नियतकालिकांनी नाकारला होता!

आपण एक छोटे गणित करू. पाच जणांचा वर्षाचा अपेक्षित औषधोपचार खर्च अनुक्रमे १०००, २०००, ३०००, ४००० आणि ५००० रुपये आहे. निर्धास्तपणासाठी प्रत्येकजण त्याहून ४०० रुपये जास्त द्यायला तयार आहे. कोण कसा, हे कंपनीला कळत नाही. म्हणून ती सरासरीने ३००० रुपये दर लावते. पहिले दोघे बाहेर पडतात. उरलेल्यांची सरासरी ४००० होते, तिसरा जातो. दर ४५०० होतो. ४४०० देऊ शकणारा चौथाही जातो. शेवटी उरतो तो सर्वांत आजारी एकटा.

हे केवळ कागदावरचे नाही. हार्वर्ड विद्यापीठाने १९९५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या सर्व विमा योजनांना सारखेच अनुदान द्यायचे ठरवले. त्यामुळे अधिक सवलती देणारी योजना कर्मचाऱ्यांना महाग पडू लागली. तरुण, निरोगी मंडळी स्वस्त योजनांकडे वळली, महाग योजनेचा दर आणखी चढला आणि तीन वर्षांच्या आत ती बंद करावी लागली. कोणी लबाडी केली नव्हती. प्रत्येकाने फक्त आपापला हिशेब केला होता.

मग उपाय कोणता? सर्वांना एकत्र सामील करणे. अमेरिकेने १९६५ च्या कायद्याने वृद्धांसाठी 'मेडिकेअर' आणले, त्याला अकरलॉफ यांच्या युक्तिवादाने पुढे बळ मिळाले. २००१ साली त्यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

वर्गात मात्र एक प्रश्न जरूर विचारावा. पाचही जणांना सक्तीने सामील केले तर दर ३००० वर टिकतो. पण पहिल्याला १००० च्या खर्चासाठी ३००० भरावे लागतात. हे न्याय्य आहे का? उत्तर देण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की आजचा पहिला हाच उद्याचा पाचवा असू शकतो.