नेपाळमधील मानवी व्यापारविरोधी चळवळ : 'माइती' ते 'शक्ती समूह'

नेपाळी भाषेत 'माइती' म्हणजे माहेर. देहविक्रयासाठी विकल्या गेलेल्या मुलींना परतण्यासाठी हक्काचे माहेर असावे, या हेतूने अनुराधा कोइराला या शिक्षिकेने १९९३ मध्ये काठमांडू येथे 'माइती नेपाळ' ही संस्था स्थापन केली. तेव्हापासून नेपाळमधील स्वयंसेवी संस्थांनी जे कार्य उभे केले, त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली : मुलीची सुटका ही कामाची केवळ सुरुवात असते. घर, नागरिकत्वाचा कागद आणि न्याय मिळाल्याखेरीज ती पूर्ण होत नाही.

पार्श्वभूमी

भारत व नेपाळ यांच्यातील सीमा सुमारे १,७५० किलोमीटर लांबीची असून ती खुली आहे. १९५० च्या मैत्री करारानुसार दोन्ही देशांच्या नागरिकांना पारपत्र व व्हिसाशिवाय ये-जा करता येते. लाखो मजुरांच्या पोटाला आधार देणारी ही सवलत दलालांच्याही पथ्यावर पडली. सिंधुपालचोक, नुवाकोट यांसारख्या डोंगराळ जिल्ह्यांतील मुलींना नोकरीचे किंवा लग्नाचे आमिष दाखवून मुंबईसह भारतातील मोठ्या शहरांच्या कुंटणखान्यांत विकले जाई. आमिष दाखवणारा बहुधा ओळखीतला, कधी नात्यातलाच असे.

१९९६ ची मुंबईतील कारवाई

फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईतील वेश्यावस्त्यांवर पोलिसांनी छापे घालून चारशेहून अधिक मुलींना सोडवले. त्यांत नेपाळी मुलींची संख्या मोठी होती. परंतु या मुलींकडे नागरिकत्वाचा पुरावा नसल्याचे कारण पुढे करून त्यांना परत घेण्यास नेपाळ सरकार राजी होईना. त्या एचआयव्हीचा संसर्ग घेऊन येतील, अशी भीतीही व्यक्त झाली. परिणामी त्यांना अनेक महिने येथील शासकीय गृहांत काढावे लागले. अखेर नेपाळी स्वयंसेवी संस्थांनी जबाबदारी स्वीकारल्यावर शंभराहून अधिक मुली मायदेशी परतल्या.

परतलेल्यांपैकी काही जणींनी १९९६ मध्येच 'शक्ती समूह' ही संघटना उभारली. मानवी व्यापारातून सुटलेल्या स्त्रियांनी स्वतः चालवलेली ही संस्था आहे. तिची अधिकृत नोंदणी मात्र २००० मध्ये झाली. संस्थापकांपैकी चरिमाया तामाङ यांनी आपल्याला विकणाऱ्यांविरुद्ध स्वतः फिर्याद दिली आणि १९९७ मध्ये जिल्हा न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवले. 'शक्ती समूहा'ला २०१३ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार लाभला. अनुराधा कोइराला यांना भारत सरकारने २०१७ मध्ये पद्मश्री देऊन गौरवले.

सीमेवरील पहारा

वीरगंज, काकडभिट्टा, भैरहवा, नेपाळगंज अशा ठिकाणी 'माइती नेपाळ'च्या कार्यकर्त्या पोलिसांसोबत उभ्या राहतात. त्यांतील कित्येक जणी पूर्वी स्वतः या व्यापाराच्या बळी ठरलेल्या असल्याने दलालाची चाल त्यांना चटकन ओळखू येते. संशय आल्यास मुलीची व सोबतच्या व्यक्तीची वेगवेगळी चौकशी केली जाते. गरज भासल्यास मुलीला संक्रमण निवासात ठेवून घरी कळवले जाते. मुंबईतील 'रेस्क्यू फाउंडेशन'सारख्या संस्था सुटका झालेल्या नेपाळी मुलींच्या परतीसाठी साहाय्य करतात.

कमलरी प्रथा

पश्चिम तराईतील थारू समाजात कर्ज व दारिद्र्य यांपायी लहान मुलींना घरकामासाठी वार्षिक कराराने दुसऱ्यांच्या घरी पाठवण्याची 'कमलरी' प्रथा होती. आपल्याकडे संक्रांत साजरी होते, त्याच सुमारास येणाऱ्या माघी सणाला हे करार ठरत. 'नेपाळ युथ फाउंडेशन'ने २००० पासून यावर साधा उपाय योजला : मुलीला घरी ठेवून शाळेत धाडणाऱ्या कुटुंबाला डुकराचे पिल्लू किंवा शेळी द्यायची, शिवाय शिक्षणाचा खर्च उचलायचा. जनावर वाढवून विकले की मुलीच्या मजुरीइतके उत्पन्न मिळे. सुटलेल्या मुलींनीच पुढे मोर्चे काढले आणि २०१३ मध्ये शासनाने ही प्रथा संपुष्टात आल्याचे जाहीर केले.

कायदा आणि मर्यादा

२००७ च्या कायद्याने माणसाची खरेदी-विक्री करणाऱ्यास २० वर्षांच्या कैदेची तरतूद केली. पीडितेचा जबाब न्यायाधीशासमोर लगेच प्रमाणित करून घेण्याची सोय त्यात आहे. त्यामुळे दडपणाखाली ती पुढे हजर राहिली नाही, तरी जबाब पुरावा म्हणून टिकतो. मानवी व्यापारविरोधी पालेर्मो मसुद्यात नेपाळ २०२० मध्ये सहभागी झाला.

संरक्षणाच्या नावाखाली घातलेली बंधने मात्र अनेकदा उलटतात. २०१२ मध्ये तीस वर्षांखालील स्त्रियांना घरकामासाठी आखाती देशांत जाण्यास नेपाळने बंदी केली. तेव्हा अनेक जणी भारतमार्गे, कागदपत्रांविना, दलालांच्याच हाती सापडून गेल्या. म्हणूनच स्त्रीचा प्रवास रोखण्यापेक्षा तो सुरक्षित करावा, असा आग्रह या क्षेत्रातील अनेक कार्यकर्ते धरतात. तिला गावातच रोजगार मिळावा आणि बाहेर जावेच लागले, तर ओळखीचे कागद तिच्या स्वतःच्या हाती असावेत, ही त्यांची मागणी आहे.