ठिणगीची वाट

गेल्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी आमच्या घरात एक लहानसे युद्ध झाले. कारण होते अंगणातली गाडी. १९६७ सालची ती फियाट माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, जुनीच विकत घेतली होती. आम्हा भावंडांची लग्ने, आजारपणे आणि कुलदैवताच्या वाऱ्या तिच्यातूनच पार पडल्या. आता अण्णांना ब्याऐंशी वर्षे झाली; डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. गाडी सुरू होई, पण फाटकापर्यंत जाताजाता गचके खाऊन बंद पडे. "भाऊबीज झाली की भंगारवाल्याला बोलावू," असे दादाने जाहीर केले. अण्णा काही बोलले नाहीत. ताटातला भात तसाच टाकून उठले.

मी शाळामास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. विजेविषयीचे माझे ज्ञान मॅट्रिकच्या पुस्तकाबरोबरच संपले. तरीही धनत्रयोदशीच्या सकाळी बॉनेट उघडले. प्लगकडे जाणाऱ्या चारही तारांचे रबर तडकले होते. एकीवर उंदराचे दात उमटले होते. बाजारातून नव्या तारा आणल्या, जुन्या चारही एकदम उपटल्या, आणि नव्या लावायला गेलो तेव्हा ध्यानात आले की कोणती कुठे जाते हे मी पाहिलेच नाही. अंदाजाने लावल्या. चावी फिरवताच कार्बोरेटरमधून असा बार उडाला की शेजारच्या मुलांना वाटले, मास्तरांकडे यंदा फटाके लवकर आले!

अण्णा ओट्यावर बसून ऐकत होते. "एक, तीन, चार, दोन," एवढेच ते म्हणाले, आणि आत निघून गेले.

दुपारभर पुस्तके उघडून बसलो. मोटारीचा इतिहास म्हटला की आपण कारखानदारांची नावे घेतो. पण त्या दुपारी मला दिसला तो एका तारेचा इतिहास. आणि तो मोटारीहून शंभर वर्षांनी जुना निघाला.

१७७७ साली इटलीतल्या कोमो गावच्या व्होल्टाने एक कल्पना मांडली. दलदलीतून निघणारा वायू बंद नळीत भरून विजेच्या ठिणगीने तो उडवता येतो, हे त्याने करून पाहिले होते. मग कोमोहून मिलानपर्यंत लाकडी खांबांवरून तार नेली, तर इथे ठिणगी सोडून तिथे बार काढता येईल, असे त्याने लिहिले. पुढे १८६० साली पॅरिसमध्ये लेन्वारने कोळशाच्या गॅसवर इंजिन चालवले. त्यातही गॅस पेटवण्याचे काम बॅटरी, कॉइल आणि तार यांचेच होते.

वीज पाळणे मात्र सोपे नव्हते. जर्मनीत डाइमलरने तिचा नाद सोडून, ज्योतीवर लाल तापवलेली नळी वापरली. कार्ल बेंझ विजेलाच धरून राहिला. १८८६ साली त्याने आपल्या तीन चाकी गाडीचे पेटंट मागितले. पण गाडी गावाबाहेर लांबवर टिकेल, यावर लोकांचा विश्वास बसेना. ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची बायको बेर्टा, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन मानहाइमहून आपल्या माहेरी फोर्झहाइमला त्या गाडीतून निघाली. अंतर शंभर किलोमीटरांहून जास्त. इंधन संपले तेव्हा वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून डाग काढायचे द्रव्य घेतले. नळी तुंबली ती टोपीच्या सुईने मोकळी केली. आणि वाटेत ठिणगीच्या तारेचे वेष्टन झिजून वीज भलतीकडे पळू लागली, तेव्हा बेर्टाने आपल्या पायमोज्याचा बंद काढून तारेभोवती गुंडाळला, असे सांगतात. दिवसभरात ती माहेरी पोचली. मोटारीच्या पहिल्या लांबच्या प्रवासाची लाज राखली ती त्या कापडी बंदाने!

एका सिलिंडरला एक तार होती तोवर गोंधळाला जागा नव्हती. सिलिंडर वाढले, तारा वाढल्या, आणि क्रमाचा प्रश्न आला. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल होती. लाकडी पेटीत बसून त्या चौघी भुंग्यासारख्या गुणगुणत, आणि ठिणग्यांचा क्रम असे एक, दोन, चार, तीन. १९०२ साली बॉशच्या कारखान्यातल्या होनोल्डने फिरत्या यंत्रातूनच भारी दाबाची वीज काढणारा मॅग्नेटो सिद्ध केला होता. पुढे अमेरिकेत केटरिंगने बॅटरी आणि कॉइलची पद्धत सुधारली आणि १९१० च्या सुमारास ती कॅडिलॅक गाड्यांवर आली. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला ज्या फियाट गाड्या काढल्या, त्यांच्या बॉनेटखाली याच वंशातली व्यवस्था होती. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी ती हीच. २०२३ च्या ऑक्टोबरात ती रस्त्यावरून निवृत्त झाली.

बारा व्होल्टची बॅटरी. कॉइल त्याचे हजारो व्होल्ट करते. डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाखाली रोटर फिरतो आणि ज्याची पाळी त्याच्या तारेत वीज सोडतो, पंक्तीत वाढपी वाढतो तशी. मिनिटाला दोन हजार फेरे होत असतील तर चार सिलिंडरांना मिळून चार हजार ठिणग्या लागतात. इतक्या दाबाची वीज तडकलेल्या रबरातून बाहेर उडी घेते, आणि प्लग उपाशी राहतो. आमच्या गाडीचे गचके ते हेच.

चार वाजता मी अण्णांना हाताला धरून गाडीपाशी आणले. "क्रम कळला," मी म्हटले, "पण टोपणावर पहिले घर कोणते?"

"पंख्याजवळचा प्लग काढ. आता हँडल मार, सावकाश."

त्यांनी प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला. मी हँडल फिरवू लागलो. "हवा ढकलतेय... थोडं अजून... बस! आता टोपण काढून बघ, रोटर कुठं बघतोय?"

रोटरचे तोंड ज्या घराकडे होते ते पहिले. तो ज्या दिशेने फिरला त्याच दिशेने पुढे तीन, चार, दोन. जुन्या तारेशी मापून नवी कापायची, शेवटपर्यंत दाबून बसवायची, तापणाऱ्या नळीला टेकू द्यायची नाही. अण्णा प्रत्येक तार बोटांनी चाचपत होते. "पुढच्या वेळी," ते म्हणाले, "एक काढायची, एक लावायची. चारी एकदम उपटायला तू काय केळीचा घड उतरवत होतास?"

गाडी सुरू झाली. तरी त्यांचे समाधान होईना. अंधार पडू दे म्हणाले. दिवेलागण झाली, यमदीपदानही झाले. मग त्यांनी अंगणातला विजेचा दिवा बंद करायला लावला.

"तारांवर निळं काही नाचतंय का?"

मी, दादा आणि मुले बॉनेटवर ओणवे झालो. इंजिन एका लयीत चालले होते. आत मिट्ट काळोख.

"काही दिसत नाही, अण्णा."

"दिसायलाच नको. सगळी ठिणगी आत गेली." एवढे बोलून ते ओट्याकडे वळले. त्या रात्री ते पोटभर जेवले.

पाडव्याच्या सकाळी दादानेच गाडी बाहेर काढली. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना जुन्या ठेव्याचा मान देऊन वेगळी नोंदणी करण्याचा नियम सरकारने २०२१ साली केला आहे, हे त्यानेच कुठूनसे शोधून काढले. आजच्या पुष्कळ गाड्यांत कॉइल प्लगच्या डोक्यावरच बसते, मध्ये तार नाही. विजेच्या गाडीला तर प्लगच नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना ही तार कदाचित कधी बदलावी लागणार नाही. तरीही जुन्या तारांपैकी उंदराने कुरतडलेली ती एक मी शाळेच्या कपाटात ठेवली आहे. विजेचा धडा आला की बेर्टाबाईंची गोष्ट सांगताना ती मुलांच्या हातात देतो.