कागदाचे फुगे आणि कागदाचे क्रौंच

स्मरणिका निघायची म्हणजे पाककृती, विणकामाचे नमुने आणि एखादे भजन हे ठरलेले. मी मात्र यंदा इतिहासातली एक गोष्ट सांगणार आहे. भगिनींनो, युद्धाची गोष्ट म्हणून पान उलटू नका. हिच्यात कागद आहे, खळ आहे आणि आपल्या सुरणाचा एक भाऊबंदही आहे.

दुसऱ्या महायुद्धात जपान आणि अमेरिका एकमेकांचे वैरी होते. दोघांच्या मध्ये अफाट पॅसिफिक महासागर. १८ एप्रिल १९४२ रोजी अमेरिकेची १६ विमाने एका जहाजावरून उडाली आणि त्यांनी टोकियो व इतर शहरांवर बॉम्ब टाकले. नुकसान फार झाले नाही, पण जपानी लष्कराच्या मनाला ते फार लागले. त्याच वर्षी सप्टेंबरात पाणबुडीतून नेलेल्या लहानशा विमानातून जपान्यांनी अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील रानावर आगीचे बॉम्ब टाकले. रान ओले होते, आग पसरली नाही. मग सुमारे ८,००० किलोमीटर पलीकडच्या शत्रूला गाठायचे कसे?

उत्तर मिळाले ते वाऱ्यात. ओइशी नावाच्या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या दशकातच दाखवून दिले होते की, जपानच्या वर फार उंचावर हिवाळ्यात पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. त्या वाऱ्यावर फुगा सोडला तर तीनचार दिवसांत तो आपोआप अमेरिकेला पोचेल, असा लष्कराने हिशेब केला.

हे फुगे होते कागदाचे. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून हातांनी केलेला चिवट कागद थरावर थर देऊन चिकटवायचा. खळ कोन्याकू नावाच्या कंदाची. हा कंद आपल्या सुरणाच्याच कुळातला. जपानात तो एरवी खायचा पदार्थ. फुगा भरला म्हणजे सुमारे १० मीटर रुंद होई. आत हायड्रोजन वायू, खाली ३२ वाळूच्या पिशव्या आणि बॉम्ब. रात्री गारठ्याने वायू आकसला की फुगा खाली येऊ लागे. तेव्हा हवेचा दाब मोजणारे यंत्र पिशव्या सोडून देई आणि हलका झालेला फुगा पुन्हा वर चढे. पिशव्या संपल्या की शेवटी बॉम्ब पडायचे.

आणि ही खळ लावली कोणी? मुलींनी. जपानभर शाळांतल्या मुलींना या कामाला लावले. यामागुचीच्या कन्याशाळेतील मुलींना कोकुरा गावच्या लष्करी कारखान्यात नेले होते. पाळी बारा बारा तासांची. कागदाला ओरखडा जाऊ नये म्हणून नखे बारीक कापलेली हवीत, केसांत आकडा चालायचा नाही. पोटाला पुरेसे नसे, म्हणून काही मुली ती खळच चोरून खात. हे फुगे कशासाठी, हे त्यांना कोणी नीट सांगितले नव्हते. विचारायची सोय नव्हती.

३ नोव्हेंबर १९४४ पासून पुढच्या एप्रिलपर्यंत सुमारे ९,३०० फुगे सोडले. अमेरिकेत आणि कॅनडात त्यांपैकी तीनशेच्या आसपासच सापडले. पिशव्यांतली वाळू तपासून अमेरिकेच्या भूगर्भशास्त्रज्ञांनी ती जपानच्या किनाऱ्यावरची आहे, हेही ओळखले. पण फुगे पोचतात हे जपानला कळू नये म्हणून वर्तमानपत्रांनी काही छापू नये, असे सरकारने सांगितले. वर्तमानपत्रे गप्प राहिली. शत्रूला कळले नाही, पण रानाशेजारी राहणाऱ्या आपल्याच माणसांनाही कळले नाही.

५ मे १९४५. ऑरेगनमधील ब्लाय गावचे पाद्री आर्ची मिचेल आपली पत्नी एल्सी आणि पाच मुले यांना घेऊन रानात वनभोजनाला गेले. ते गाडी लावत होते, तोवर मुलांना जमिनीवर काहीतरी दिसले. एल्सी आणि मुले भोवती जमली आणि बॉम्ब फुटला. एल्सी २६ वर्षांची, पोटाशी होती. मुले ११ ते १४ वर्षांची. सहाही जणे गेली. त्या युद्धात अमेरिकेच्या मुख्य भूमीवर शत्रूच्या हल्ल्याने मेलेली एवढीच माणसे. सरकारने लोकांना उघडपणे सावध केले ते त्यानंतर.

दैवगती पाहा. ९ ऑगस्ट १९४५ रोजी अमेरिकेचा दुसरा अणुबॉम्ब पडायचा होता तो याच कोकुराच्या कारखान्यावर. खाली ढग आणि धूर, निशाण दिसेना, म्हणून विमान वळले आणि तो नागासाकीवर पडला.

कारखान्यातल्या त्या मुली मोठ्या झाल्या, संसाराला लागल्या. आपल्या फुग्याने ब्लायला काय केले, हे पुष्कळ वर्षांनी अमेरिकेतील एका जपानी वंशाच्या प्राध्यापकाकडून त्यांच्यापैकी काहींना कळले. आम्ही पोरी होतो, हुकमाच्या ताबेदार होतो, असे त्यांना म्हणता आले असते आणि ते खरेही होते. पण १९८७ साली त्या पुन्हा कागद घेऊन बसल्या. एक हजार कागदी क्रौंच पक्षी घडी घालून केले आणि पत्रांसह ब्लायच्या त्या घरांना पाठविले. जपानात हे पक्षी म्हणजे शुभचिंतन. पुढे त्या जागी चेरीची झाडेही लावली गेली.

फुगे मात्र अजून संपलेले नाहीत. २०१४ साली कॅनडाच्या रानात असाच एक बॉम्ब अर्धा पुरलेला सापडला आणि तो नष्ट करावा लागला.

मला या गोष्टीत एक सारखेपणा दिसतो. फुगा करणारीला सांगितले नव्हते आणि फुग्यापाशी गेलेलीलाही सांगितले नव्हते. दोन्हीकडे बायकामुलांना अंधारात ठेवले आणि वर म्हटले, हे देशासाठी. आपल्यालाही लहानपणापासून शिकवतात की, सांगितलेले काम मुकाट्याने करावे. कष्टाला आपण कधी भीत नाही. पण हे कशासाठी, एवढे विचारायला तरी भिऊ नये. आणि नकळत आपल्या हातून कोणाचे वाईट झालेच, तर चाळीस वर्षांनीही त्याच हातांनी क्षमा मागावी. त्या बायकांकडून मी एवढे शिकले, ते तुमच्यापुढे ठेवले.