भाग २३ : तार तुटली होती, आज्ञा निघत होती

आजचा भाग जरा घरचा आहे, त्यामुळे आधी मामांबद्दल सांगतो आणि मग इतिहासाकडे वळतो.

माझे मामा राजापूरकडचे. मी बारावीत होतो तेव्हा आंबे काढताना ते झाडावरून पडले. मानेच्या मणक्याला मार बसला आणि मानेखालचं शरीर लुळं पडलं. एकदा मी त्यांच्या खाटेशी बसलो होतो, तर म्हणाले, "अरे, मी बोटं हलवतोय. ती ऐकत नाहीत, एवढंच." आम्हाला वाटलं, स्वतःची समजूत घालतायत. पुढे बीटेक झालं, नोकरी लागली, आणि एका सुट्टीत या विषयावर वाचत बसलो तेव्हा कळलं की मामा शब्दशः खरं बोलत होते. फक्त जगाला हे कळायला एकशेतीसहून जास्त वर्षं लागली.

सुरुवात होते १८७० साली, बर्लिनमध्ये. मेंदूच्या बाहेरच्या थराला वीज दिली तरी काहीच होत नाही, असं तेव्हा बहुतेक शास्त्रज्ञ मानायचे. गुस्ताव फ्रिट्श आणि एडुआर्ड हिट्झिग या दोघांनी हिट्झिगच्या घरीच कुत्र्यांवर प्रयोग केले. मेंदूच्या पुढच्या भागाला हलका विद्युतप्रवाह दिला, तर विरुद्ध बाजूचा पाय हलला. जागा थोडी बदलली की दुसरे स्नायू हलायचे. या भागाला आज आपण मोटर कॉर्टेक्स म्हणतो.

माणसाचा नकाशा आला नंतर. माँट्रियलचे सर्जन वाइल्डर पेनफील्ड फिट येणाऱ्या रुग्णांच्या शस्त्रक्रिया करायचे. रुग्ण जागा असायचा, कारण मेंदूला स्वतःला वेदना होत नाही. कुठे वीज दिली की काय हलतं, हे टिपून त्यांनी आणि एडविन बोल्ड्रे यांनी १९३७ मध्ये नकाशा छापला. त्यात हात, ओठ आणि जीभ यांना भरपूर जागा, आणि पाठीला अगदी थोडी.

आता बघा, इथपर्यंत सगळे मेंदूत वीज घालत होते. मेंदू स्वतः काय बोलतो, ते ऐकायचं राहिलं होतं. १९६९ मध्ये सिएटलच्या एबरहार्ड फेट्झ यांनी माकडाच्या मोटर कॉर्टेक्समधल्या एकेका पेशीचे सिग्नल एका मीटरच्या काट्याला जोडले. पेशीने जास्त सिग्नल दिले की काटा सरकायचा आणि माकडाला खाऊ मिळायचा. माकडं ती पेशी मुद्दाम चालवायला शिकली! मग १९८० च्या दशकात अपोस्टोलोस जॉर्जोपोलोस यांनी दाखवलं की प्रत्येक पेशीची एक आवडती दिशा असते. एकटी पेशी मोघम बोलते, पण अनेक पेशींची मतं एकत्र मोजली की हात कुठे जाणार ते सांगता येतं. माझ्यासारख्या कोडवाल्याला हे ऐकून बरं वाटतं, कारण हे गणित आपल्या ओळखीचं आहे.

पण एक मोठी शंका उरलीच. ही माकडं धडधाकट होती. ज्याचा मज्जारज्जू तुटून वर्षं लोटली, त्याचं काय? न वापरलेली जागा मेंदू दुसऱ्या कामाला लावतो, हे माहीत होतं. मग हाताची जागा गप्प झाली असेल तर? हे माकडाला विचारून कळणार नव्हतं. कुणीतरी माणसानेच डोकं पुढे करायला हवं होतं.

तो माणूस म्हणजे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा मॅथ्यू नेगल. शाळेत असताना फुटबॉल खेळणारा मुलगा. २००१ मध्ये मानेत चाकू बसला आणि मानेखालचं सगळं गेलं. जून २००४ मध्ये ब्राउन विद्यापीठाच्या जॉन डोनह्यू यांच्या ब्रेनगेट प्रकल्पात त्याच्या मोटर कॉर्टेक्सच्या हाताच्या भागात ४ बाय ४ मिलिमीटरची चिप बसवली. तिच्यावर ९६ इलेक्ट्रोड. तंत्रज्ञ स्क्रीनवर कर्सर हलवायचा आणि मॅथ्यू त्यामागे आपला हात नेतोय अशी कल्पना करायचा. तोच ट्रेनिंग डेटा. आणि पेशी बोलल्या! तीन वर्षं हात हलला नव्हता, तरी आज्ञा निघत होती. त्याने नुसत्या विचाराने ईमेल उघडली, टीव्ही चालवला, कृत्रिम हाताची मूठ उघडली-मिटली. जुलै २००६ मध्ये हे ‘नेचर’मध्ये छापून आलं. म्हणजे सर्व्हर चालू होता, मधली तार तेवढी तुटली होती.

पुढे कॅथी हचिन्सन यांनी पक्षाघातानंतर जवळजवळ १५ वर्षांनी रोबोटचा हात विचाराने हलवून बाटलीतली कॉफी स्ट्रॉने प्यायली. हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने आणखी एक दाखवलं. हात लुळा असलेल्या एका गृहस्थांनी मनातल्या मनात पेनने अक्षरं काढली, आणि मिनिटाला ९० अक्षरं स्क्रीनवर उमटली.

आता दुसरी बाजू. मॅथ्यूच्या कवटीतून प्लग बाहेर यायचा, त्याला जाड वायर, वायरला शेजारी गाडाभर यंत्रं. दर वेळी नव्याने कॅलिब्रेशन. तंत्रज्ञ घरी गेला की कर्सरही गेला. सुमारे वर्षभराने ती चिप काढली आणि मॅथ्यू परत होता तिथेच आला. २००७ मध्ये तो वारला. चिप बसली तेव्हा तो माझ्याहून लहान होता. ट्रायलमध्ये आधीच सांगतात की तुम्हाला स्वतःला फायदा होईलच असं नाही. तरी तो हो म्हणाला. संशोधन-लेखात शास्त्रज्ञांची नावं वर छापतात आणि असा माणूस ‘सहभागी’ म्हणून आत राहतो. मला विचाराल तर त्या शोधात अर्धा वाटा त्याचा आहे.

गणपतीत गावी गेलो तेव्हा मामांना हे सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हतो." मी म्हटलं, "नाही मामा." थोड्या वेळाने विचारलं, "आणि त्याचं यंत्र काढून घेतलं, तेव्हा त्याला कसं वाटलं असेल रे?" मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी मामींना हाक मारली आणि चॅनल बदलायला सांगितलं.

आज एवढंच. घरात असं कुणी असेल, तर ते काय सांगतात ते एकदा नीट ऐका. भेटू पुढच्या भागात.